एका उन्हाळ्याची वही

घरगुती लिखाणाला वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे मधून मधून निघतो. आणि ज्यांनीं तसलें लिखाण कधीं लक्ष देऊन वाचलेलें नसतें, तेच बहुधा त्याचें उत्तर देतात. एके काळीं आम्हीही या मंडळींत होतों. म्हणून प्रस्तुत लेखांत थोडी घरची साक्षही काढावी लागणार आहे; वाचकांनीं तिचा कंटाळा करूं नये, एवढी विनंति.

गेल्या वर्षीं आमच्या हातीं एक वही आली. शाळकरी मुलांची असते तशी, रेघांची, दोनशें पानी. पैकीं पहिलीं चाळीस पानें लिहिलेलीं, बाकीचीं कोरीं. लिहिणार आमची मावशी, स्थळ कोपरगांव, काळ 1989 चा उन्हाळा. त्या एका उन्हाळ्यांत तिच्या घरीं जें जें व्हावयाचें तें सारें एकदम झालें. थोरल्या मुलीचें लग्न झालें. धाकट्याची मुंज लागली. काका मेअखेर सरकारी नोकरींतून निवृत्त झाले. मग मृग लागण्यापूर्वीं सारें बिऱ्हाड नाशिक, त्र्यंबक आणि वणी असा प्रवास करून आलें. आणि परत येऊन वळकट्या सोडतात न सोडतात तोंच मधला मुलगा परीक्षेंत उतरल्याची बातमी आली. मावशीनें हें सर्व टिपून ठेवलें, आणि "तूं शिकलेला, तूं पाहा" असें म्हणून ती वही आमच्या स्वाधीन केली.

त्या वेळीं आम्ही इंग्रजी हा विषय घेऊन बी. ए. च्या वर्गांत होतों. लॅंब आणि हॅझलिट यांचे निबंध नुकतेच वाचलेले, आणि त्यांच्या मोजपट्टीनें जगांतील सर्व गद्य मोजण्याची घाई झालेली! आम्हीं मावशीची वही तांबड्या शाईनें तपासली. जागोजाग 'पुनरुक्ति', 'अनावश्यक', 'ग्राम्य' असे शेरे मारले, आणि शेवटीं लिहिलें : "हा जमाखर्च आहे. यांत लेखिकेचें मन कोठें आहे?" मावशी शेरा वाचून हंसली आणि वही फडताळांत ठेवून तिनें चहाचें आधण टाकलें. पुढें वाण्याच्या यादीपलीकडे तिनें कांहीं लिहिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. ती गेल्यावर कपाट आवरतांना वही निघाली ती अशी : चाळीस पानें निळीं, त्यांवर आमच्या विद्वत्तेचे तांबडे ओरखडे, आणि पुढें एकशें साठ कोरीं.

कोपरगांव हें नांव इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असतें तें राघोबादादांमुळें. सालबाईच्या 1782 च्या तहानंतर ते येथें येऊन राहिले आणि 1783 च्या डिसेंबरांत येथेंच वारले. प्रवाशाला तें ठाऊक होतें तें शिर्डीमुळें; शिर्डीस स्वतःचें रेल्वे-स्थानक 2009 सालीं झालें, तोंवर साईबाबांचे भक्त दौंड-मनमाड रस्त्यावरच्या कोपरगांवासच उतरत. परंतु आमच्या वहीला प्रयोजन आहे तें या दोहोंशीं नाहीं. तें आहे गोदावरीच्या बेटाशीं. बेट कोपरगांव येथें शुक्राचार्यांचें स्थान आहे, जवळच कचेश्वर आहे. कच आणि देवयानी यांची कथा याच भूमींत घडली अशी तेथील लोकांची दृढ समजूत. खाडिलकरांच्या 1913 च्या 'विद्याहरणा'नें जी कथा रंगभूमीवर गाजविली आणि खांडेकरांची 1959 ची 'ययाति' जिच्या पुढच्या धाग्यापासून विणली गेली, ती येथें कोणी पुस्तकांतून शिकत नाहीं. ती नदीच्या कांठीं धुणें धुतां धुतां कानीं पडते. आणि या स्थानाची एक ख्याति अशी कीं, येथें लग्न लावावयाचें तर मुहूर्त पाहावा लागत नाहीं.

हें समजण्यास पंचांग थोडें उघडावें लागतें. गुरु किंवा शुक्र सूर्याच्या तेजांत लोपला म्हणजे त्याचा अस्त झाला असें मानून लग्नमुंजी बंद ठेवण्याची आपली रीत आहे. 1989 च्या चैत्रांत शुक्र असाच अस्तंगत होता. इकडे नवऱ्या मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली. तिचें बरेंवाईट झालें तर सुतकानंतर घरांत मंगलकार्य केव्हां काढावें, हा घोळ वर्षभर चालावयाचा. मावशीनें हा सगळा पेंच एका ओळींत लिहिला आहे : "शुक्र अस्ताला गेला, म्हणून शुक्राच्याच दारीं गेलों." विद्यार्थिदशेंतील आम्हीं या वाक्याखालीं कांहींच लिहिलें नाहीं. आज वर्गांत शिकवितांना असें एक वाक्य हातीं आलें तर आम्ही त्यावर तास घेऊं.

परंतु वहीचा खरा मजकूर याहून वेगळा आहे, आणि तो समजण्यास आम्हांस तीस वर्षांहून अधिक काळ लागला. मावशीच्या घरीं तिची थोरली विधवा नणंद असे. वहींत त्यांचें नांव कोठेंही नाहीं. सर्वत्र 'वन्सं' एवढेंच. लग्नाच्या टिपणांत असें आहे : "पानें तीनशें बारा. लाडू कमी पडले नाहींत. वन्संनीं दोन रात्रीं वळले. ओटी भरतांना वन्सं ओसरीवर." निवृत्तीच्या दिवशीं : "यांना हार, शाल, नारळ. फोटो काढला. वन्सं ओसरीवर." प्रवासाच्या दिवशीं : "गाय व्यायची होती म्हणून वन्सं घरीं राहिल्या. त्यांना सप्तशृंगीला यायचें होतें." वणीचा गड चढून झाल्यावर, देवीच्या वर्णनाला दोन ओळी, आणि लगेच : "गाईचें काय झालें असेल?" या प्रत्येक ठिकाणीं आमचा तांबडा शेरा आहे : 'पुनरुक्ति'. ओसरीच्या तीन ओळी तर आम्हीं सरळ खोडल्या आहेत.

मंगलकार्याचें वर्णन ही वाङ्मयांतील मोठी अवघड गोष्ट आहे. दुःख, विरह, अपघात यांचें वर्णन सामान्य लेखकालाही थोडेंबहुत साधतें. कारण पुढें काय होणार ही उत्सुकता त्याच्या मदतीस असते. लग्न मात्र लागावयाचेंच असतें. मांडव पडतो, वऱ्हाड येतें, अक्षता पडतात, पंगती उठतात. वाचकाला हें सारें आधींच ठाऊक. म्हणूनच आपल्या आत्मचरित्रांतील लग्नाचीं प्रकरणें बहुधा चाळून पुढें जावयाचीं असतात. जीं आपण थांबून वाचतों, तेथें उत्सवाच्या आड दुसरें कांहीं तरी चाललेलें असतें.

रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें 1910 सालचें पुस्तक घ्यावें. हें न्यायमूर्तींचें चरित्र म्हणून वाचण्याची वहिवाट पडली आहे, आणि बाईंचीही इच्छा तीच होती. पण त्यांत मजकूर कोणता आहे तो पाहावा : लग्न, बदल्या, बिऱ्हाड हलविणें, दौरे, जेवणखाण, आजार, सासूनणंदांचे रागलोभ. 1873 च्या डिसेंबरांत हें लग्न झालें. वधू अकरा वर्षांची, वर बत्तिसाव्या वर्षांत. पहिली पत्नी त्याच वर्षीं गेलेली. वर सुधारकांतील अग्रणी, विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, आणि केवळ वडिलांच्या हट्टापायीं बोहल्यावर उभा. दुसऱ्या कोणीं हें लिहिलें असतें तर वराच्या मनांतील तुमुल युद्धावर दोन पानें खर्चीं घातलीं असतीं. रमाबाई युद्धाचें नांवही काढीत नाहींत. त्या रात्रीं नवऱ्यानें, मी कोण, माझें नांव काय, हें तुला ठाऊक आहे का, असें विचारलें. मग लिहितांवाचतां येतें का हें विचारलें. येत नाहीं असें कळल्यावर शिकविण्यास आरंभ केला. उत्सव संपला आणि धुळाक्षरें सुरू झालीं. ज्या मनुष्याला त्या दिवशीं बोलण्यासारखें दुसरें कांहीं उरलें नव्हतें, त्यानें पाटी पुढें ओढली. ही गोष्ट बाईंनीं केवळ क्रमानें सांगितली आहे, आणि तो क्रमच सर्व कांहीं बोलतो.

प्रवासाचेंही तसेंच. रानडे 1886 त सरकारी समितीच्या कामावर सिमला-कलकत्त्याकडे गेले तेव्हां बाई बरोबर होत्या. त्या काळच्या मराठी बाईला हा केवढा प्रवास! पण देखाव्यांच्या वर्णनापेक्षां आमच्या लक्षांत राहिला तो एक न्हावी. कलकत्त्यास रावसाहेब बंगाली शिकूं लागले आणि हजामत करून घेतां घेतां, अडलेले शब्द त्या न्हाव्याला विचारूं लागले; बाईंना हंसूं आवरेना, आणि त्यांना उत्तर मिळालें तें दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचें. जिला लग्नाच्या रात्रीं पाटी मिळाली, ती आज शिकविणाऱ्यालाच विद्यार्थी झालेला पाहून हंसते आहे. दोन प्रसंगांमध्यें बारातेरा वर्षांचें अंतर आहे. बाई तें अंतर बोलून दाखवीत नाहींत.

आमच्या मतें पुस्तकांतील सर्वांत मोलाचें प्रकरण 1892 च्या उन्हाळ्याचें आहे. न्यायमूर्तींचें कुटुंब सुट्टीसाठीं लोणावळ्यास होतें. 1890 च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहाचें प्रकरण तोंवर धुमसतच होतें. ग्रामण्य म्हणजे काय हें आतां कोशांतून सांगावें लागतें. पण तें कोठें बोचे तें कोशांत नसतें. वर्षभर बहिष्कृताचें फारसें कांहीं अडत नसे. तो कचेरींत जाई, सभेंत बोले, वर्तमानपत्रांत लिही. अडे तें श्राद्धाला आणि लग्नमुंजीला, जेव्हां दारीं ब्राह्मण यावा लागे आणि पंगतीला पान मांडावें लागे. आणि मुलगी उपवर झाली कीं तिच्या बापाला आपल्या मताची किंमत कळे. समाज माणसाला धरतो तो त्याच्या मंगलकार्यांत धरतो. म्हणूनच पुण्याचे स्नेही लोणावळ्यास येऊन पोहोंचले ते आपआपल्या घरांतील अडचणी घेऊन. रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें तर आम्हांसही घेतां येईल, अशी त्यांची अजिजी. रानड्यांना स्वतःला त्याची गरज नव्हती. मित्रांच्या सुटकेसाठीं ते पुण्यास जाऊन प्रायश्चित्त घेऊन आले.

रमाबाईंना हें आवडलें नाहीं, आणि त्यांनीं तसें लिहिलें आहे. येथें मात्र आम्हांला त्यांच्याविषयीं एक तक्रार आहे. आपला राग त्या उंबरठ्यापर्यंत आणतात आणि तेथून परत पाठवितात. पतीच्या शहाणपणाची खूण पटली असें म्हणून पुढें जातात. ज्या बाईला घरांतल्या मोठ्या बायकांनीं शिकण्याबद्दल वर्षानुवर्षें टोंचून बोललें, जिनें तें सोसूनही पाटी सोडली नाहीं, तिला त्या दिवशीं काय वाटलें असेल याची कल्पना करण्याचें काम त्या वाचकावर टाकतात. भक्ति हा या पुस्तकाचा प्राण आहे, आणि त्याची मर्यादाही तीच. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. त्यांना बोल लावणाऱ्या ज्या नणंदा या पुस्तकांत आहेत, त्यांच्यापैकीं एक विधवा झालेली होती. आणि रमाबाईंनीं तिला राक्षसीण केलेलें नाहीं. घर तिच्या अंगावर होतें, सोवळें तिच्या हातीं होतें, एवढीच सत्ता तिला मिळाली होती, हें त्या ओळींआडून दिसत राहतें.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची गोष्ट अगदीं निराळी. 1934 पासून निघालेलें हें पुस्तक आमच्या नगर जिल्ह्याचेंही पुस्तक आहे. रेव्हरंड टिळकांच्या संसाराचा उत्तरार्ध नगर आणि राहुरी येथें गेला, आणि राहुरी कोपरगांवच्याच रेल्वे-रस्त्यावर आहे. बाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. म्हणजे तीही गोदावरीच्या कांठचीच. सोवळ्याच्या वेडानें पछाडलेल्या बापाच्या घरीं, जेथें बाहेरची वस्तु धुतल्यावांचून उंबरठा ओलांडीत नसे, तेथें ही मुलगी वाढली. नवरा मिळाला तो न सांगतांसवरतां घर सोडून जाणारा कवि. त्यानें 1895 त ख्रिस्ती धर्म स्वीकारला; बाईंनीं 1900 सालीं. मधलीं वर्षें नातलगांच्या आश्रयानें.

रमाबाई राग परत पाठवितात. लक्ष्मीबाई तो हंसण्यावारी नेतात. जेथें दुसरी बाई टाहो फोडील तेथें त्या एक विनोद सांगतात, आणि वाचक हंसतां हंसतां मध्येंच थबकतो. स्मृतिचित्रांतील प्रवास हे बहुतेक सर्व निर्वासिताचे प्रवास आहेत. या घरून त्या घरीं, पाहुणी म्हणून गेलेली बाई आश्रित होऊन राहते. त्यांना कालक्रमाचें भान बेताचें. कित्येकदां तर दोन पानांत दोन गांवें उलटींपालटीं होतात. आणि एखादा प्रसंग अजून रंगावयाचा असतां त्या हंसून तो मिटवितात, याचीही चुटपुट लागते. परंतु कोणत्या पंगतींत आपलें पान कोठें मांडलें होतें, हें त्या कधीं विसरत नाहींत.

आतां एक तुलना मनांत येते, ती बोलून टाकतों. फडके, खांडेकर, काणेकर यांनीं मराठींत लघुनिबंध रुजविला. त्याच्या मोहकपणाबद्दल वाद नाहीं. आम्हीही आमच्या विद्यार्थ्यांना तो आवडीनें वाचून दाखवितों. सुट्टी, सहल, घरांतील कार्य असे विषय त्यांत वारंवार येतात; पण बहुधा येतात ते 'मी'च्या लहरीला निमित्त म्हणून. 'मी' आरामखुर्चींत बसतो, त्याला चहा येतो, आणि तो चिंतन करूं लागतो. तो चहा कोणीं केला, हें निबंधांत सहसा येत नाहीं. विसाव्या वर्षीं आम्हीं मावशीच्या वहींत शोधीत होतों तें हेंच आरामखुर्चींतलें मन. तें तेथें नव्हतें, कारण तिला त्या उन्हाळ्यांत बसावयास खुर्ची मिळाली नव्हती. तिचें मन तीनशें बारा पानांत होतें आणि दोन रात्रींत वळलेल्या लाडवांत होतें.

ओसरीवरच्या बाईनें स्वतः लिहिलें तर काय होतें, याचाही दाखला आपल्या भाषेंत आहे. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' 1928 सालीं प्रसिद्ध झाली. ऐन विशींत वैधव्य आलेली ही बाई हिंगण्याच्या आश्रमासाठीं गांवोगांव वर्गणी गोळा करीत फिरली, 1912 त तिनें केशवपन बंद केलें, आणि पुढें इंग्रजी शिकण्यासाठीं थेट अमेरिका गांठली. तिचें गद्य खडबडीत आहे, अलंकार त्यांत शोधूनही सांपडावयाचा नाहीं. पण ज्या बाईला कार्याच्या दिवशीं पुढें येण्याची बंदी, ती समुद्र ओलांडून जाते आणि परत येऊन त्याचा हिशेब देते! मावशीच्या वन्संना वणीच्या गडापर्यंतही जावयास मिळालें नाहीं. गाय त्या दिवशीं व्यालीच नाहीं, असें वहींत चार पानांनंतर नोंदविलें आहे. त्यावरही आमचा शेरा आहे : 'अप्रस्तुत'.

वहीचे दोष नाहींत असें नव्हे. आहेराच्या याद्या फार लांब आहेत. कोणी पातळ दिलें, कोणी स्टीलचा डबा, हें सात पानें चालतें. काकांच्या निरोपसमारंभांतील भाषणें तिनें जशींच्या तशीं उतरविलीं आहेत, आणि तीं भाषणें होतीं तशींच आहेत. त्र्यंबकेश्वराचें वर्णन कोणीही कोठेंही लिहावें असें आहे. तेथील आमचे शेरे आजही आम्ही मागें घेणार नाहीं.

मुंजीचीं पानें मात्र आम्हांला नव्यानें वाचावीं लागलीं. वैशाख लागला होता, शुक्राचा उदय झाला होता, आतां बेटावर जाण्याचें कारण नव्हतें. मुंज घरच्या अंगणांतच लागली. मातृभोजनाचा विधि वाचकांस ठाऊक आहे : मुंजा आईच्या ताटांत शेवटचें जेवतो, मग त्याचें बालपण संपतें. या वेळीं बरोबर पंगतीस बसावयाचें तें मुंज झालेल्या मुलांनीं. मावशीची नोंद पुढीलप्रमाणें आहे :

"मातृभोजन. ताटांत तो, मी आणि वन्सं. वन्सं उठूं लागल्या, मीं हात धरला. भटजी पंचांग चाळीत राहिले, कांहीं बोलले नाहींत. वरणभात, लाडू, भजीं. मग मुलें पळालीं."

सबंध वहींत 'ओसरी' हा शब्द या पानानंतर त्या कार्याच्या संबंधांत पुन्हां येत नाहीं. आमचा शेरा या नोंदीलाही आहे. 'भटजी' या शब्दाभोंवतीं तांबडें वर्तुळ काढून समासांत लिहिलें आहे : "ग्राम्य. पुरोहित असें हवें."